गळ्याचे मुकादम

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीत आम्ही एका लग्नाला गेलो होतो. आखाजीच्या आसपासची दाट तिथ होती. तालुक्यात त्या दिवशी लग्ने किती, याचा अंदाज रस्त्यावर दिसणाऱ्या बँडच्या गाड्या मोजून घ्यावा, अशी परिस्थिती. संध्याकाळी नवरदेवाची मिरवणूक निघाली. पुढे ताशे, मागे भोंगे बांधलेली गाडी, गाडीत कॅसिओवाला आणि त्याच्या शेजारी माइक धरून उभा असलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याचा गळा दुपारच्या लग्नातच बसला होता. वरच्या पट्टीत आवाज फाटला की तो माइक तोंडापासून लांब धरी आणि कॅसिओवाल्याला डोळ्यांनी खुणावी. कॅसिओवाला सूर वाढवून ती फट बुजवून टाकी. नाचणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. पोरगा आमच्याच समाजातला. पहाटे त्याला सीमेपलीकडे खेतियाच्या बाजूला दुसरी हळद गाठायची होती.

मिरवणुकीच्या शेवटी मोटारसायकलला टेकून, दोन मोबाइल सांभाळत एक गृहस्थ उभा होता. त्याला आम्ही चांगले ओळखतो. पंधरा वर्षांपूर्वी हाच माणूस अशाच गाडीवर उभा राहून रफीसाहेबांची गाणी गात असे. वरात संपल्यावर चहाच्या टपरीवर तो आमच्याजवळ मन मोकळे करी. "मास्तर सुपारी कितीची घेतो, ते आम्हाला कधीच कळत नाही. विचारलं तर म्हणतो, तुला काय करायचंय, तू गा." हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचे. आता तो गात नाही. आता तो बँडवाल्यांना गायक पुरवतो, ऑर्केस्ट्राला गायिका पुरवतो, अहिराणी गाण्यांच्या चित्रीकरणाला पोरे-पोरी पुरवतो. लोक त्याला मॅनेजरसाहेब म्हणतात.

त्या रात्री आम्ही त्याला सहज विचारले, "या पोराला एका लग्नाचे किती देतोस?"

तो हसला. म्हणाला, "सर, त्याला आकड्याशी काय करायचंय? त्याने गावं."

पंधरा वर्षांपूर्वीचे मास्तरचे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून जसेच्या तसे ऐकले. या लेखाचे कारण तेवढेच.

प्रथम त्याची बाजू मांडू, कारण ती खोटी नाही. पूर्वी बँडमधला गाणारा मालकाच्या दारात बसून राही. आज एका फोनवर त्याला नंदुरबार, धुळे, सुरत, बडवानी इकडची कामे मिळतात, ती या मॅनेजरमुळे. पार्टी पैसे बुडवते, दारू पिऊन माइक हिसकावते, रात्री दोन वाजता पोलीस गाडी अडवतात. अशा वेळी तंटा निस्तरायला गायक जात नाही, मॅनेजर जातो. शिवाय तो स्वतः गायलेला आहे. गळा बसला की काय होते, कोणत्या पोराला कोणती पट्टी झेपते, हे बाहेरच्या व्यापाऱ्याला कळणार नाही, त्याला कळते. दलालाला दलाली मिळाली पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाही. खुद्द पैगंबर हजरत मुहंमद (स.) तरुणपणी हजरत खदीजांचा माल घेऊन व्यापाराला जात. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणे हे आपल्याकडे कमीपणाचे कधीच नव्हते. त्या व्यवहाराची कीर्ती झाली ती मात्र सचोटीमुळे. मालकिणीला पै-पैचा हिशेब मिळाला, म्हणून तो तरुण 'अमीन' ठरला.

मग आमचा वाद कशाशी आहे? झाकलेल्या आकड्याशी.

समजा, नवरदेवाच्या बापाने बँडचे ४०,००० रुपये ठरवले. त्यातले ८,००० बँडमालकाने गायकाच्या नावाने मॅनेजरला दिले. मॅनेजरने पोराच्या हातावर २,००० ठेवले. दलाली किती झाली? पोराला विचारा, तो म्हणेल ठाऊक नाही. मॅनेजरला विचारा, तो म्हणेल ही धंद्याची गोष्ट आहे. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. पण खरे आकडे गाणाऱ्याला सांगितले जात नाहीत, हे मात्र उदाहरण नाही, ती रोजची रीत आहे. चौथा हिस्सा घेतो की तीन हिस्से घेतो, हे ज्याच्या गळ्यावर धंदा चालतो त्यालाच माहीत नसेल, तर तिला दलाली म्हणता येत नाही.

दुसरी रीत उचलीची. आषाढ लागला की लग्ने थांबतात. तुळशीचे लग्न लागेपर्यंत गाणाऱ्याच्या घरात चूल पेटवायची तर कोणाकडे तरी हात पसरावा लागतो. मॅनेजर उचल देतो. कागद नाही, पावती नाही. हंगाम सुरू झाला की उचल कापली जाते. किती फिटली, किती राहिली, हे त्याच्या डायरीत. फिटेपर्यंत दुसरीकडे गायचे नाही ही अट. आणि ती फिटत मात्र नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकाला ही रीत नवी वाटणार नाही. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची गावे रिकामी होतात. भिल्ल, पावरा कुटुंबे पोराबाळांसह दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. मुकादमाने पावसाळ्यात उचल दिलेली असते आणि त्या उचलीत नवरा-बायकोचा कोयता बांधलेला असतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या परिसरात खानदेशातून येणाऱ्या या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला आणि जगापुढे मांडला. मुकादम बहुतेक वेळा मजुरांच्याच वस्तीतला असतो. त्यांची भाषा बोलतो, त्यांच्या लग्नाला जातो, म्हणून तर त्याच्यावर भरवसा बसतो. आमचा गायकाचा मॅनेजर काही वेगळा नाही. कोयत्याच्या जागी गळा आला, एवढाच फरक. उचलीच्या बदल्यात माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे, हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठबिगारीच्या लक्षणांत धरले आहे. बँडच्या गाडीला रंगीत दिवे लावले म्हणून त्या कायद्याला ती दिसू नये असे नाही.

आम्हाला कोणी म्हणेल, कलावंताने हिशेबात पडू नये, हिशेब मॅनेजरने पाहावा, कलावंताने कला पाहावी. मराठी माणसाला हे वाक्य फार आवडते. या वाक्याने किती घरे बसली, ते पाहू.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. १९२१ साली बालगंधर्व तिचे एकटे मालक झाले. गाण्यात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता, पण जमाखर्च त्यांनी कधी पाहिला नाही. अत्तरे, गालिचे, शालू, आणि डोक्यावर कर्ज. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी ही विजापूरकडची मुसलमान गायिका कंपनीत आली. गाता गाता ती कंपनीचा कारभारही पाहू लागली. १९५१ साली बालगंधर्वांनी तिच्याशी लग्न केले. मराठी रसिकांनी तिला काय दिले? शिव्या. बालगंधर्वांना हिने बुडवले, असे म्हणणारी माणसे आजही भेटतात. कर्जाचा डोंगर तिच्या येण्याआधीचा होता, याची आठवण कोणाला होत नाही. म्हाताऱ्या नटसम्राटाची सेवा करता करता १९६४ साली ती आधी गेली आणि १९६७ साली ते गेले. आमचा प्रश्न साधा आहे. कंपनीच्या वह्या आरंभापासून सर्वांपुढे उघड्या असत्या, तर कोणी बुडवले याचा निवाडा वह्यांनीच केला असता. मग एका मुसलमान बाईला मरेपर्यंत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नसते. उघडा हिशेब गायकाला वाचवतो, तसाच तो प्रामाणिक मॅनेजरलाही वाचवतो. आमच्या मॅनेजर मित्रांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या माणसाकडे येऊ. १९६० च्या दशकात लताबाईंनी मागणी केली की गाणे विकले जाते तोवर गाणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळावा. रफीसाहेबांचे मत पडले, ठरलेले मानधन मिळाले, आपला हक्क संपला. दोघांत अबोला आला आणि काही वर्षे त्यांनी एकत्र गाणी गायली नाहीत. रफीसाहेबांवर आमचा जीव आहे. त्यांच्या त्या मतात त्यांची फकिरी होती, लोभाचा लवलेश नव्हता. तरीही आम्ही सांगतो, त्या वादात लताबाई बरोबर होत्या. रफीसाहेबांना फकिरी परवडत होती. गाडीवरच्या पोराला ती परवडत नाही. आणि गंमत पाहा, रफीसाहेबांची ती फकिरी आज मॅनेजर लोक पोरांना ऐकवतात. "रफीसाहेबांनी कधी पैसे विचारले का?" स्वतः मात्र त्या फकिरीपासून चार हात लांब राहतात.

रफीसाहेब १९८० साली गेले. त्यानंतर ३२ वर्षांनी, २०१२ साली, कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गायक-वादकांच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर त्यांना त्यातला वाटा मिळण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. २०१३ साली गायकांनी आपली हक्कसंस्थाही काढली. सादर करणाऱ्याचा हक्क ही गोष्ट तर १९९४ च्या दुरुस्तीनेच कायद्यात आली होती. आमच्या खानदेशात हे कोणाला ठाऊक आहे? आज अहिराणी गाणी मोबाइलवर लाखो लोक ऐकतात. ज्या वाहिनीवर गाणे चढते ती मॅनेजरच्या किंवा त्याच्या भागीदाराच्या नावाने असते. पोराला एकदाच हजार-दोन हजार मिळतात. गाणे चालले की सत्कार मॅनेजरचा होतो. आणि पोरगा कौतुकाने आम्हाला दाखवतो, "सर, माझं गाणं किती लोकांनी पाहिलं बघा." पाहणाऱ्यांचा आकडा त्याला तोंडपाठ असतो. मिळकतीचा आकडा विचारला की तो गप्प होतो.

तिसरी रीत, "आम्हाला सोडून गेलास तर तुला कुठे गाऊ देणार नाही." ही धमकी ज्यांना भिववते त्यांनी झहीर खानची गोष्ट ऐकावी. श्रीरामपूरच्या या डावखुऱ्या गोलंदाजाने २००० साली आपले जाहिरातीचे व्यवहार पाहणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. करारात अशी मेख होती की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाकडे जायचे तर आधी त्याच कंपनीला संधी द्यावी लागेल. मुदत संपली, झहीर दुसरीकडे गेला, कंपनी न्यायालयात गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम सांगते की कोणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. त्या कलमाखाली ती मेख निघाली. कराराची मुदत चालू असताना शब्द पाळावा लागतो, हे खरे. पण मुदत संपल्यावर गळा ज्याचा त्याचा. मोठ्या कंपनीला झहीरचा हात बांधता आला नाही, तर मोटारसायकलवरचा मॅनेजर पोराचा गळा कसा बांधणार? बांधतो तो कायद्याच्या जोरावर नाही, पोराच्या अज्ञानाच्या जोरावर.

इथवर आम्ही मॅनेजरला बोललो. आता आरसा स्वतःकडे फिरवणे भाग आहे.

हा पोरगा तक्रार कोणाकडे नेणार? पोलिसांत जाण्याची त्याची छाती नाही. बँडमालकाला वाद नको. उरते आपली जमात. दुकानाच्या भाड्याचा वाद, भावाभावांतला वाटणीचा वाद, तलाकचा वाद जमातीपुढे येतो आणि वडीलधारे बसून तो मिटवतात. पण गाणारा पोरगा मजुरीची तक्रार घेऊन आला तर त्याला काय ऐकावे लागते? "पहले ये हराम काम छोड, फिर बात कर." एका पोराला हे उत्तर मिळाले तेव्हा आम्ही तिथे बसलो होतो. आमच्याने तेव्हा बोलवले नाही, ही आमचीही चूक. पोरगा खाली मान घालून निघून गेला. ज्याने त्याचे पैसे ठेवून घेतले होते तो मॅनेजर त्याच वर्षी चंदा देणाऱ्यांच्या यादीत वर होता.

संगीत हलाल की हराम, या वादात आम्ही शिरत नाही. उलेमांमध्ये त्यावर जुने मतभेद आहेत. अनेक शहरांत बँड-डीजे असलेल्या लग्नात निकाह पढणार नाही, असे ठरावही झाले आहेत, तो त्यांचा अधिकार. आमचा प्रश्न पुढचा आहे. गाणे हराम मानले, तरी गाणाऱ्याची मजुरी खाणे हलाल कसे झाले? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस प्रत्येक वाअजमध्ये ऐकवली जाते. काम पुरते करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, असेही आपण ऐकत आलो आहोत. आणि कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? नमाजबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. सूरह बकरातली ती आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, हा तिचा आशय. ज्या समाजाच्या किताबातली सर्वांत मोठी आयत जमाखर्चाची आहे, त्या समाजातल्या पोराच्या उचलीचा चार ओळींचा कागद होत नाही!

खरी गोष्ट अशी की आपल्याला बँडवाल्याची लाज वाटते. आपल्या पोराचे लग्न असले तर वाजंत्री हवी, पण बँडवाल्याच्या घरी मुलगी द्यायची म्हटले की अंग चोरतो. बिरादरीत जात नाही असे आपण जगाला सांगतो आणि गाणारे-वाजवणारे मात्र शेवटच्या पंगतीला बसवतो. या लाजेवरच मॅनेजरचा धंदा उभा आहे. ज्याच्या मागे जमात नाही, त्याला लुटणे सोपे.

गाणाऱ्याने पुढारी व्हावे, चार लोकांचे व्यवहार हाती घ्यावेत, याला आमचा विरोध नाही. आमची तर तीच इच्छा आहे. या शहादा तालुक्याने असा एक गाणारा पाहिला आहे. अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. भिल्ल समाजातला हा माणूस भजने गात गावोगाव फिरला. ज्या गळ्याने लोक जमवले, त्याच गळ्याने तो पुढे सालदारांच्या मजुरीबद्दल आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींबद्दल बोलू लागला. १९७० च्या दशकाच्या आरंभी इथे श्रमिक संघटना उभी राहिली, तिच्या मुळाशी हा भजन गाणारा होता. १९७४ साली तो गेला. त्याच चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी आला. आमच्या दुःखाविषयी बोलणारे स्टेजवर आणि आम्ही खाली, ही खंत त्यांनी आपल्या 'स्टेज' या कवितेत मांडली. आपल्यातही अमर शेख होऊन गेले. बार्शीचा हा शाहीर अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथकात उभा राहिला. लोक गोळा करण्याची ताकद या सगळ्यांकडे होती. ती वापरून त्यांना मुकादम होता आले असते. ते झाले नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे मॅनेजर मित्राला सरळ सांगतो. तू दलाली घे, पण किती ते आधी सांग. दर सुपारीचा आकडा गाणाऱ्याला कळव. आज तुझ्या दोन्ही मोबाइलवर ते एका मिनिटाचे काम आहे. उचल दिलीस तर कागदावर दे आणि त्याची एक प्रत पोराकडे ठेव. हंगाम संपला की हिशेब मिटव, पुढच्या हंगामाला जुने ओझे बांधू नकोस. मुदत संपलेल्या पोराला जाऊ दे. गाणे चढवायचे तर वाट्याचा करार लेखी कर. गळा बसलेल्या पोराला एक दिवस घरी बसव. तुला त्याचा गळा कळतो म्हणूनच हे तुला सांगतो, व्यापाऱ्याला सांगितले नसते.

जमातीच्या वडीलधाऱ्यांनाही विनंती आहे. पोरगा मजुरीची तक्रार घेऊन आला तर त्या दिवशी मजुरीचेच बोला. त्याच्या धंद्याबद्दलची नसीहत दुसऱ्या दिवशी करा.

ब्राह्मणपुरीच्या त्या रात्री मिरवणूक पारापाशी पोहोचली, बँड थांबला, लोक मांडवाकडे वळले. पोरगा गाडीवरून उतरला आणि पाण्याची बाटली घेऊन भिंतीला टेकून बसला. आम्ही जवळ जाऊन विचारले, "बेटा, आजचे किती मिळणार?" त्याने मॅनेजरकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "भाईंना माहीत."

पंधरा वर्षांनी त्या मोटारसायकलला टेकून कदाचित हाच पोरगा उभा असेल. तोवर त्याला कोणी हिशेब दाखवला नाही, तर तोही दुसऱ्या पोराला म्हणेल, तू गा. ते वाक्य आता थांबले पाहिजे.